‘श्रीखंड’ फाँट मराठीत का उमटत नाही, आणि जाड-तिरपं अक्षर कुठे शोभतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आम्ही सांगलीत घरगुती श्रीखंड आणि आम्रखंड करून विकतो. डब्याचं झाकण, दुकानाची पाटी आणि फोनवरच्या जाहिराती यांसाठी अक्षर शोधताना ‘श्रीखंड’ नावाचाच फाँट सापडला. इंग्रजीत नाव टाइप केलं की भरदार, झुकलेलं, अगदी खावंसं वाटणारं अक्षर येतं. मराठीत टाइप केलं की मात्र साधीच अक्षरं दिसतात. म्हणून दुसरा मराठी फाँट घेतला, बोल्ड केला, इटॅलिक केला, पण काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. चूक कुठे होतेय? आणि असला फाँट नेमका कशासाठी वापरायचा?”

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत. पहिली तांत्रिक आहे, पाच मिनिटांत सुटेल. दुसरी मात्र अशी आहे की पाट्या, मुखपृष्ठं आणि लेबलं करण्यात पंचवीस वर्षं गेली तरी प्रत्येक नव्या कामात मला ती पुन्हा सोडवावी लागते. रोमन लिपीत जी चाल अक्षराच्या तिरपेपणातून येते, ती देवनागरीत शिरोरेषेतून येते. ही गोष्ट ध्यानात न घेता मराठी अक्षर नुसतं ओढून तिरपं केलं की ते धावत नाही, पडायला लागतं. तुम्हाला ‘बिघडल्यासारखं’ वाटलं ते यामुळेच, आणि तुमचा डोळा बरोबर आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. झाकणावर छपाई कशी होणार, पाटी पेंटर रंगवणार की फ्लेक्सवर छापली जाणार, नावात किती अक्षरं आहेत, हे मला माहीत नाही. त्यामुळे खाली मी ‘हाच फाँट घ्या’ असं म्हणणार नाही. निवड कशी करायची ते सांगतो.

आधी तांत्रिक भाग. ‘श्रीखंड’ हा जॉनी पिनहॉर्न या टाइप डिझायनरने केलेला फाँट आहे. भारतातल्या रस्त्यांवर हाताने रंगवलेल्या अक्षरांची प्रेरणा त्यामागे आहे. नाव आपल्या घरातलं असलं तरी त्यात लिप्या दोनच आहेत, गुजराती आणि रोमन. देवनागरी त्यात नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, प्रत्येक लिपीला स्वतंत्र घरं दिलेली आहेत: देवनागरीची ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, गुजरातीची ०ए८० पासून ०एएफएफ पर्यंत. तुम्ही ‘श’ टाइप करता तेव्हा संगणक देवनागरीच्या घरातला ‘श’ मागतो. फाँटमध्ये ते घर रिकामं असतं, म्हणून तो दुसऱ्या कुठल्या तरी फाँटमधून अक्षर आणून ठेवतो. विंडोजवर ते बहुधा निर्मला किंवा मंगलमधलं असतं, अँड्रॉइडवर नोटोमधलं, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूरमधलं. काही प्रोग्राम वरच्या खिडकीत तरीही ‘श्रीखंड’ हेच नाव दाखवत राहतात, म्हणून गोंधळ होतो. तुमच्या संगणकात काही बिघाड नाही.

याची एक चांगली बाजूही आहे. तुमचा माल उद्या वडोदऱ्याला किंवा सुरतेला गेला, तर गुजराती लेबलासाठी हा फाँट जसाच्या तसा वापरता येईल. तिथल्या मराठी कुटुंबांनाही ती लिपी रोजच्या सरावाची असते. आणि त्याचा परवाना ओपन फाँट लायसन्सचा आहे. व्यवसायासाठी, लेबलावर, पाटीवर, कुठेही वापरा, पैसे द्यावे लागत नाहीत. फक्त फाँटची फाइल स्वतंत्रपणे विकायची नाही.

आणखी एक सापळा आहे, त्यात भलेभले अडकतात. ‘श्रीखंड’ची शैली एकच आहे आणि तिचं अधिकृत नाव ‘रेग्युलर’. डोळ्यांना ते अक्षर जाड आणि तिरपं दिसतं, पण संगणकाच्या हिशेबी ते साधंच आहे. मग माणूस ते निवडतो आणि सवयीने वर बी आणि आय ही बटणंही दाबतो. संगणक मुळात जाड असलेल्या अक्षराला बाहेरून आणखी लेप चढवतो आणि मुळात झुकलेल्याला आणखी झुकवतो. अक्षरातल्या पोकळ्या बुजतात, तोल जातो. वेबपानावर तर हे न सांगताच घडतं, कारण मथळ्याला ब्राउझर आपणहून बोल्ड लावतो. तिथे जाडीचा आकडा मुद्दाम ४०० ठेवायला सांगा. तुम्ही इंग्रजी नाव टाइप करताना ही बटणं दाबली असतील तर ती काढून पुन्हा पाहा. अक्षर जास्त देखणं दिसेल.

आता या अक्षराच्या स्वभावाकडे येतो, कारण तो कळला की ते कुठे वापरायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

छपाईतलं तिरपं अक्षर जाड अक्षराच्या तीनशे वर्षं आधीचं आहे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने व्हर्जिलच्या कवितांचं एक लहान आकाराचं पुस्तक छापलं. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने जे टाइप कोरले, ते त्या काळच्या विद्वानांच्या झरझर चालणाऱ्या हस्ताक्षरावरून घेतलेले होते. कॅपिटल अक्षरं सोडली तर पुस्तक अख्खं तिरप्या अक्षरात होतं. एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी तिरपं अक्षर वापरायचं ही रीत नंतरची. म्हणजे तिरपेपणाचा उगम हातात आहे. हात भरभर चालला की उभी रेघ पुढे कलते, अक्षरं एकमेकांकडे ओढली जातात, टोकांना शेपट्या फुटतात.

जाडपणाचा उगम भिंतीवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या, नाटकांच्या, मालाच्या जाहिराती रस्त्यावर एकमेकींशी भांडू लागल्या. पुस्तकाचं नाजूक अक्षर तिथे कुणाला दिसेना, म्हणून टाइप करणाऱ्यांनी उभ्या रेघा फुगवत नेल्या आणि अतिशय लठ्ठ अक्षरं बाजारात आणली. मजकुरात मधल्याच एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी सोबतीचं जाड अक्षर असावं, ही सोय ‘क्लॅरेंडन’ या टाइपने रूढ केली. ते १८४५ सालचं.

तिरपं हातातून आलं आणि जाड भिंतीवरून आलं. दोन्ही एकत्र केलं की भिंतीवर हाताने लिहिलेलं अक्षर होतं, म्हणजेच पेंटरचं अक्षर. जाड-तिरपा डिस्प्ले फाँट, म्हणजे मोठ्या आकारात नावांसाठी-मथळ्यांसाठी केलेला फाँट, इतका ओळखीचा, दुकानातल्या माणसासारखा का वाटतो, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. त्यात जाहिरातीचा मोठा आवाज आहे, पण तो माणसाचा आवाज आहे. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचं ‘कूपर ब्लॅक’ १९२२ सालचं, आणि त्याचा तिरपा भाऊ चार वर्षांनी आला. शंभर वर्षं झाली, तरी बेकऱ्या, आइस्क्रीमवाले, खेळण्यांची दुकानं अजून त्याच घराण्याकडे वळतात. गोल टोकं, फुगलेलं पोट, आतली लहानशी पोकळी, आणि सगळं शरीर किंचित पुढे. खाण्याच्या पदार्थाला ते शोभतं, कारण आकारच मऊ आणि भरलेला आहे.

पण हे सगळं ‘काढलेलं’ असतं, ओढलेलं नसतं. हा फरक जरा सविस्तर सांगतो.

उभं गोल अक्षर, समजा रोमन ‘ओ’, कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये दोनदा क्लिक करून वरच्या बाणाने उजवीकडे ओढा. उंची तीच राहते, क्षेत्रफळही तेच राहतं, पण जाडी जागा बदलते. वरचा उजवा आणि खालचा डावा खांदा जाडजूड होतो, वरचा डावा आणि खालचा उजवा बारीक पडतो. बारीक अक्षरात हे जाणवत नाही, कारण रेघ मुळातच पातळ असते. अक्षर जितकं जाड, तितका हा दोष उघडा पडतो. उभी रेघही किंचित रोडावते. १२ अंश झुकवली तर सुमारे दोन टक्के, २० अंश झुकवली तर सहा टक्के. आडव्या रेघेची जाडी मात्र बदलत नाही. म्हणून चांगला टाइप डिझायनर जाड-तिरपं अक्षर करताना कललेल्या सांगाड्यावर मांस पुन्हा चढवतो. एकेका वळणाची जाडी हाताने दुरुस्त करतो, सांध्यापाशी शाई साचू नये म्हणून खाच ठेवतो, पोकळी उघडी करतो. ‘श्रीखंड’मधलं इंग्रजी नाव तुम्हाला भरदार वाटलं ते या मेहनतीमुळे. मराठी फाँटवर तुम्ही आय दाबला तेव्हा ही मेहनत कुणीच केलेली नव्हती, गणिताने फक्त अक्षर ओढलं.

आता मराठीत अडचण दुप्पट का होते ते पाहू. ‘आम्रखंड’ हा शब्द कागदावर लिहून समोर ठेवा. वर एक सलग आडवी रेघ. तिच्यावरून खाली उतरणाऱ्या उभ्या रेघा: ‘आ’च्या दोन, ‘म्र’ची एक, ‘ख’ची एक. आता शब्द तिरपा करा. उभ्या रेघा कलतात, पण शिरोरेषा आडवीच राहते, कारण आडवी रेघ या ओढण्याने हलत नाही. वरचा कठडा सरळ आणि खालचे गज सगळे एका बाजूला कललेले, असं कुंपण डोळ्यांसमोर आणा. ते धावतंय असं वाटत नाही. वारा लागून पडतंय असं वाटतं. रोमन लिपीत डोक्यावर अशी रेघ नाही. तिथे अक्षर मोकळं आहे, झुकलं की सगळंच झुकतं.

गुजराती लिपी नागरीचीच सख्खी बहीण. व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांत झरझर लिहिताना तिने डोक्यावरची रेघ सोडून दिली. १८२२ साली मुंबईत फरदुनजी मर्झबान यांनी ‘मुंबई समाचार’ सुरू केला. तो आजही चालू आहे, आणि त्याच्या मथळ्यांत ही बिनरेघेची अक्षरं रोज पाहता येतात. शिरोरेषा नाही म्हणून गुजराती अक्षर सहज कलतं. म्हणूनच ‘श्रीखंड’सारखा फाँट गुजरातीत इतका खुलला, असं माझं मत आहे. त्यात देवनागरी नाही याबद्दल मला तक्रार नाही. देवनागरीत तीच कल्पना उतरवायची तर जवळजवळ वेगळाच फाँट काढावा लागला असता.

दुसरी अडचण डोक्यावरच्या चिन्हांची. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्याही वर असतात. झुकवलं की जो भाग जितका उंच, तितका तो जास्त सरकतो. पाटीवर अक्षराची उंची पायापासून वेलांटीच्या टोकापर्यंत १३ इंच धरा. १२ अंशांच्या कलाने वेलांटीचं टोक पायाच्या मानाने पावणेतीन इंच उजवीकडे जातं. ‘श्री’ची दीर्घ वेलांटी ‘ख’च्या डोक्यावर जाऊन बसते. ‘खं’चा अनुस्वार कोणत्या अक्षराचा आहे हे लांबून कळेनासं होतं. शब्दाच्या शेवटी अशी वेलांटी आली तर ती चौकटीबाहेर लोंबते, आणि फ्लेक्सवाला कडेला कापतो तेव्हा ती अर्धी जाते.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका लोणच्याच्या दुकानासाठी नाव तयार केलं होतं. चांगलं जाड अक्षर घेतलं, १५ अंश ओढलं, पिवळ्यावर लाल. कागदावर मला ते फार झोकदार वाटलं होतं. पाटी रंगवायला जे पेंटरकाका आले, त्यांनी माझा कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “अक्षर पडतंय. याला आधार द्यायला पाहिजे.” मग त्यांनी भिंतीवर खडूची दोरी आडवी न मारता डावीकडून उजवीकडे थोडी चढती मारली, १० फुटांत साधारण एक फूट. त्या चढत्या दोरीवर शिरोरेषा घेतली आणि उभ्या रेघा जवळपास ओळंब्यातच ठेवल्या. शब्द उभा होता, आणि तरी निघाला होता. मी कितीतरी वेळ समोरच्या फुटपाथवर उभा राहून पाहत होतो. पंधरा अंशांनी जे मला साधलं नव्हतं, ते त्यांनी एका दोरीने केलं.

त्यानंतर मी जुन्या पाट्या आणि नाटकांच्या जाहिराती वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. कमल शेडगे यांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी केलेली नाटकांची शीर्षकं पाहताना माझं लक्ष आधी शिरोरेषेकडे जातं: इथे ती चढवता आली असती का, इथे ती तोडली तर काय होईल. एकदा हा सराव लागला की तुमच्या हातात किती गोष्टी आहेत ते कळतं. शिरोरेषा चढवता येते, शेवटी उतरवता येते, पहिल्या अक्षराच्या आधीच सुरू करून शेवटच्या अक्षरापलीकडे लांबवता येते, मध्येच तोडता येते, कमानीसारखी वाकवता येते, अगदी काढूनही टाकता येते. मोडी लिहिताना तर आधी ओळभर शिरोरेषा मारून मग तिला अक्षरं लटकवत जायची पद्धत होती. रेघ आधी, अक्षर नंतर. आपल्या लिपीची चाल त्या रेघेत आहे.

तुमच्यासमोर मला तीन वाटा दिसतात.

सगळ्यात सोपी, आणि बहुतेकांना मी जी सुचवतो ती: रोमन नाव ‘श्रीखंड’मध्ये झुकू द्या, मराठी नाव उभं आणि भरदार ठेवा. दोन लिप्यांनी एकसारखं दिसायलाच हवं असा हट्ट नको. दोघींचं वजन आणि गोलाई जुळली की नातं दिसतं. ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फाँट यासाठी पाहा. देवनागरीत इतकं गुबगुबीत अक्षर क्वचितच सापडेल. आतली पोकळी केसाएवढी फट होऊन राहिली आहे. त्यांचाच ‘बलू’ थोडा सौम्य आहे, गोल आहे, आणि त्याच्या नव्या आवृत्तीत पाच जाड्या मिळतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ वेगळ्या वळणाचा आहे. त्याच्या उभ्या रेघा लठ्ठ आणि आडव्या अगदी बारीक, त्यामुळे त्यात दागिन्यांच्या दुकानाची ऐट आहे. श्रीखंडाला मला तो कोरडा वाटतो, पण तुमच्या डब्यावर केशराच्या काड्या आणि सोनेरी किनार असेल तर विचार करा. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. त्यात ब्रशचा कापलेपणा आहे, पण तुम्हाला हवी ती मऊ गोलाई नाही. हे सगळे विनामूल्य मिळतात.

फाँट निवडताना आणखी एक गोष्ट तपासा. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ शेंडीफोड्या. अनेक फाँटांत पहिल्यांदा हिंदी वळणाचा देठाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ येतो. काही फाँटांत मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठेवली तरच ती बाहेर येतात. तुमच्या तर पदार्थाच्या नावातच ‘श्री’ आहे. तिथे ‘श’चं रूप बदलून आलं की शब्दाचा चेहराच बदलतो, म्हणून आधी ‘श्री’ टाइप करून पाहा आणि मग पुढे जा.

दुसरी वाट मला सगळ्यात आवडते. नाव फाँटमधून घेऊच नका, अक्षरांकन करून घ्या, म्हणजे ते हाताने काढून घ्या. तुमच्याकडे दोन शब्द आहेत, मोजकी अक्षरं आहेत. सांगली-कोल्हापूर-मिरज भागात हाताने पाट्या रंगवणारे लोक अजून आहेत. एखाद्याला गाठा, ‘श्रीखंड’ फाँटमधलं इंग्रजी नाव दाखवा आणि सांगा: एवढं भरदार हवं, एवढं गोल हवं, पण मराठीच्या चालीने हवं. सोबत माप द्या, रंग द्या, आणि त्यांनी काढलेली पेन्सिलची दोन-तीन रूपं मागा. मग त्यांना योग्य मोबदला देऊन मूळ कागद स्कॅन करून घ्या, एखाद्या डीटीपीवाल्याकडून कर्व्ह (हव्या त्या आकारात मोठं-लहान करता येणारं रेघांचं चित्र) करून घ्या. पाटी, झाकण, फोन, सगळीकडे तेच नाव चालेल, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नसेल. फाँट फुकट असला तरी तो सगळ्यांकडे असतो. तुमच्या गल्लीतल्या पुढच्या दुकानानेही उद्या ‘मोदक’ घेतला तर तुम्हाला काही बोलता येणार नाही.

तिसरी वाट म्हणजे मराठी अक्षर तिरपंच हवं, काही झालं तरी. कधीकधी गिऱ्हाइकाचं मन त्यावरच बसलेलं असतं, आणि माझी ना नाही. मग निदान एवढं करा. कल ८ अंशांच्या पुढे नेऊ नका. अक्षर आधी कर्व्ह करा, मग ओढा, आणि मग वळणांची जाडी हाताने सारखी करा, वर सांगितलेले दोन खांदे आधी पाहा. अनुस्वार आणि वेलांटी थोडी डावीकडे सरकवून आपापल्या अक्षरावर परत आणा. शिरोरेषेची दोन्ही टोकं सरळ न कापता उभ्या रेघांच्याच कोनात तिरकी कापा. एवढ्या एका बदलानेही शब्द बराच सावरतो. आणि जमलं तर अख्खा शब्द दोन-तीन अंश वर चढवा, म्हणजे शिरोरेषाही त्या चालीत सामील होते. झटपट कामात मी हा शेवटचा उपाय अनेकदा केला आहे. दरवेळी तो पुरतोच असं नाही.

मथळ्याला तिरपं-जाड वापरायची सवय इंग्रजी कामातून आपल्याकडे आली. देवनागरी छपाईत जोर द्यायचा तर जाड टाइप घ्यायचे किंवा आकार वाढवायचा, तिरप्याची परंपरा घडलीच नाही. आजही ‘मुक्ता’सारख्या चांगल्या, रोजच्या वापराच्या फाँटमध्ये सात जाड्या आहेत आणि तिरपी एकही नाही. ती उणीव समजू नका. करणाऱ्यांनी लिपीचं ऐकलं आहे, असं मी म्हणेन.

आता तुमच्या तीन जागा.

पाटीवर असं भरदार अक्षर सगळ्यात जास्त शोभतं, कारण तिथे शब्द एक किंवा दोन असतात आणि वाचणारा लांब, बहुधा दुचाकीवर असतो. नाव तेवढं मोठं, बाकीचं (घरगुती, ऑर्डर घेतो, फोन नंबर) साध्या उभ्या अक्षरात. जाड-तिरप्या अक्षरात पूर्ण वाक्य लिहिलं की सगळेच ओरडतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. अक्षरांमधली जागा थोडी घट्ट ठेवा, पण पोकळ्या बुजेपर्यंत नको. कललेला शब्द चौकटीत मध्यावर बसवताना पट्टीने मोजू नका, डोळ्याने बसवा. मोजून बसवलेला शब्द कधी एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो.

झाकणावर छपाईची पद्धत आधी विचारा. प्लास्टिकवर स्क्रीन प्रिंटिंग असेल तर शाई थोडी पसरते आणि लठ्ठ अक्षरातल्या फटी आधी भरतात. ‘मोदक’ची ती केसाएवढी फट पाटीवर सुंदर दिसते, झाकणावर मात्र ‘ख’चा एक काळा गोळा होऊ शकतो. कुठलीही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येत असेल तर प्रिंटरकडून एक नमुना छापून घ्या, मगच सगळे डबे द्या. फिक्या शाईत गडद झाकणावर छापणार असाल तर अक्षर एक जाडी कमी घ्या. डब्यावरचा बाकीचा मजकूर, म्हणजे घटक, वजन, किंमत, तारीख, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, तो पूर्णपणे साध्या, उभ्या, मोकळ्या अक्षरात ठेवा. तिथे ‘बलू’सुद्धा नको, ‘मुक्ता’ घ्या. गिऱ्हाईक नाव पाहून डबा उचलतं आणि तारीख वाचून घरी नेतं.

फोनवर अक्षर लहान होतं हे विसरू नका. तुमची जाहिरात फोनच्या पूर्ण पडद्यावर पाहून ठरवू नका. ती एखाद्या ग्रुपवर पाठवा आणि यादीत जेवढी छोटी दिसते तेवढ्या आकारात पाहा. ‘श्री’चा र-कार आणि ‘म्र’ तिथे वाचता आले तर अक्षर चाललं.

एक घरगुती चाचणी सांगतो. तीन चिठ्ठ्यांवर नाव छापा, एकावर तुम्ही तिरपं केलेलं, एकावर उभं-भरदार, एकावर चढत्या शिरोरेषेचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. घरातल्या कुणाला मत विचारू नका, फक्त पाहा की येता-जाता कुणाची नजर कुठे थांबते. मी अजूनही नवीन काम असंच दाराशेजारी लावून ठेवतो. पहिल्या दिवशी आवडलेलं अक्षर दुसऱ्या संध्याकाळी पुष्कळदा थकलेलं दिसतं.

पेंटर मिळाले आणि त्यांनी पेन्सिलची रूपं काढून दिली तर त्यांचे फोटो इथे टाका. शिरोरेषा कुठून चढवायची आणि ‘श्री’ची वेलांटी कुठवर न्यायची, हे प्रत्यक्ष अक्षर पाहूनच सांगता येईल.